चौकात उकिडव्या बसलेल्या अभियंता मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही हे पहिल्या भेटीतच कळलं होतं, आणि खात्यात ज्याचं फार कौतुक होतं त्याचं पुढे काय होतं हेही ऐकून आहे. तरी पत्र उघड लिहितोय. शिव्या आपण चारचौघांत देतो, आभार मात्र फोनवर उरकतो, ते मला पटत नाही.

शाळेजवळच्या चौकात माझ्या मुलीला दुचाकीने उडवलं. हात मोडला, डोकं वाचलं. प्लास्टर निघालं, आता पुन्हा दिवसभर उड्या मारत असते. माझी मात्र अजूनही कुठे ब्रेक करकचला की मान वळते. तेव्हा या पत्रात कुठे सूर चढलेला वाटला तर सांभाळून घ्या.

तुमच्याआधी काय काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. एक साहेब गाडीतून उतरलेच नाहीत. काच खाली केली, चौक पाहिला, काच वर केली. दुसऱ्यांनी मलाच विचारलं, "एवढ्या लहान मुलीला एकटं सोडलंत कसं?" ती एकटी नव्हती, आजीचा हात धरून होती, पण उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत. आणखी एकांनी समजावून सांगितलं की रस्ता आमचा आहे, पण कोपऱ्यावरची पेटी वीज खात्याची आणि उभ्या गाड्यांचा विषय वाहतूक पोलिसांचा. म्हणजे मुलगी तेवढी माझी. मग एक गतिरोधक अवतरला, तोही चौकाच्या पलीकडे. गाड्यांनी चौक सुसाट ओलांडावा आणि मग सावकाश जावं, असा बेत असावा. पाठोपाठ मोबाईलवर संदेश: तक्रार निकाली. सोबत फोटो होता. भलत्याच रस्त्याचा.

त्यामुळे तुम्ही आलात तेव्हा मी भांडायच्या तयारीने फाईल काखोटीला मारून उभा होतो. तुम्ही ती घेतलीत, "घरी नेऊन वाचते" म्हणालात, आणि मुलीकडे वळलात. "तू कुठे उभी होतीस गं?" ती जाऊन त्या पेटीला खेटून उभी राहिली. "तिथून काय दिसतं?"

"चाक."

"आणि?"

"टेम्पोचं चाक. बाकी काही नाही."

अशा उत्तरावर मोठी माणसं गालातल्या गालात हसतात आणि आपसांत बोलायला लागतात. तुम्ही ओढणी सावरलीत आणि तिच्या शेजारी उकिडव्या बसलात. मागे हॉर्न वाजत होते, तुमच्याबरोबरचा मदतनीस अवघडून इकडेतिकडे बघत होता. तुम्ही डोळे तिच्या डोळ्यांच्या उंचीला आणलेत, मान तिच्यासारखी तिरकी केलीत आणि बराच वेळ तशाच राहिलात. मग म्हणालात, "खरंच की. मलाही चाकच दिसतंय."

मॅडम, अपघातानंतर तिला जो तो एकच सांगत होता, बघून जायचं हं बाळा. शेजारी म्हणाले, शिक्षक म्हणाले, पट्टी बदलणारी सिस्टरही म्हणाली. ती बघूनच गेली होती. दिसत नव्हतं. हे तिचं म्हणणं अधिकाराच्या माणसाने पहिल्यांदाच पडताळून पाहिलं आणि खरं धरलं. त्या रात्री ती आजीला ऐटीत सांगत होती, "त्या मॅडमना पण नाही दिसलं!" आजीने पदर डोळ्यांना लावला. "मी नीट धरलं नाही" हा घोर त्या बाईच्या मनातून तुमच्या त्या बसण्याने उतरला. पुढे चौकात जे झालं त्याचे आभार मानतोच, पण ते नसतं झालं तरी हे पत्र लिहिलं असतं.

झोप उडाली होती त्या काळात मी बरंच वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालांनुसार जगात वर्षाला सुमारे ११.९ लाख माणसं रस्त्यावर मरतात, आणि ५ ते २९ वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण हेच आहे. रोग नाही, साथ नाही, रस्ता. साधा हिशेब केला तरी हादरायला होतं. ताशी ५० किलोमीटरने येणारा चालक एका सेकंदाने भानावर आला, तर ब्रेकवर पाय पडायच्या आतच गाडी १४ मीटर पुढे आलेली असते. ३० च्या वेगात तेच अंतर ८ मीटरच्या आसपास राहतं. आमचा रस्ता मुळात गावाबाहेरचा. शहर वाढत वाढत त्याच्या दोन्ही अंगांना येऊन बसलं, शाळा आली, वस्ती आली, पण वेग गावाबाहेरचाच राहिला. वाढत्या शहरात असे रस्ते किती असतील, आणि त्यांतल्या कितींच्या कडेला कुणी उकिडवं बसून पाहिलं असेल?

तुम्ही जे सहज केलंत त्यावर जगात रीतसर कामही झालंय. नेदरलँड्समधल्या एका संस्थेचा 'अर्बन ९५' नावाचा उपक्रम आहे. धडधाकट तीन वर्षांचं मूल साधारण ९५ सेंटिमीटर उंच असतं, त्या उंचीवरून शहर पाहा, असं ते नगररचनाकारांना सांगतात. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होबोकन गावाने कोपऱ्यांवरच्या गाड्या हटवून चौक नजरेला मोकळे केले, जोडीला बाकीचीही कामं केली, आणि २०१७ पासून पुढे कित्येक वर्षं तिथे रस्त्यावर एकही जीव गेला नाही. ओस्लो तर नॉर्वेच्या राजधानीचं शहर. २०१९ मध्ये तिथे एकही पादचारी किंवा सायकलस्वार दगावला नाही. हे वाचून आधी मला राग आला. कोपरा मोकळा करायचा, एवढंच? त्यासाठी आमच्याकडे एका मुलीचा हात मोडावा लागला आणि तरीही काच वरच राहिली.

तुम्ही कुणाकुणाला फोन केलेत, कुठे शब्द टाकलात, त्या तपशिलात शिरत नाही, मला तो पुरता ठाऊकही नाही. पेटी सरकली. कोपऱ्यावर खांब रोवले गेले, पदपथ थोडा पुढे आला, ओलांडायची जागा रस्त्याहून उंच झाली. ते टेम्पोवाले दादा मात्र लक्षात राहिलेत. गाडी उचलून नेण्याची धमकी न देता तुम्ही त्यांनाही तिथेच खाली बसवलंत आणि त्यांचंच चाक त्यांना दाखवलंत. आता ते लांब उभी करतात. परवा दुसऱ्या कुणी कोपऱ्यावर गाडी लावली, तर त्याच्याशी हुज्जत घालताना मी त्यांना पाहिलं, आणि मुद्दा अगदी तुमचा मांडत होते.

सज्जनपणा म्हणतात तो बहुधा असाच पसरत असावा, परिपत्रकाने तरी पसरलेला मी पाहिला नाही. उगाच देव्हाऱ्यात बसवत नाही तुम्हाला. तुम्ही म्हणाल, मी माझं काम केलं. बरोबर आहे. पण तेच काम ज्यांचं होतं अशी बरीच माणसं आम्ही पाहिली, म्हणून तुमच्या त्या वाक्याचा मान जास्त वाटतो. तुमच्या बदलीची कुणकुण लागलीय. जिथे जाल तिथल्या मुलांचं नशीब चांगलं. इथे येणाऱ्यांना चौक दाखवायची जबाबदारी माझ्या मुलीने परस्पर स्वतःकडे घेतली आहे.

आपला,
त्याच चौकातला एक बाप

ता. क. पलीकडच्या कोपऱ्यावरचा दिवा परवापासून बंद आहे. हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही, त्याचा अर्ज वेगळा दिलाय.