गावाला रोजगार हमी, मग भोसरीला का नाही? रोजगार हमी मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. रोजगार हमी योजना मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मी पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरीत बावीस वर्षं खानावळ चालवते. एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये कामाला असलेली पोरं माझ्याकडे मेंबर आहेत. लातूर, बीड, परभणीकडची जास्त, थोडी यूपी-बिहारची. आपलं खातं खेड्यापाड्यांचं, मग शहरातल्या बाईचं इथे काय काम, असं वाटेल. पण मला शहरातल्या बेकारांसाठी रोजगार हमी मागायची आहे, आणि ती आपल्याच खात्याकडे आहे.

मंदी आल्याचं मला कणीक मळताना कळतं. २०१९च्या उन्हाळ्यात आधी ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, बंद झाला. ओटी नसला की पोरं रात्री साडेसातलाच जेवायला हजर होतात आणि फार बोलत नाहीत. मग थर्ड शिफ्ट गेली. मग आठवड्याला दोन-दोन दिवस कंपनी बंद राहायला लागली. रविवारी मी चिकन करते, त्याचे वेगळे पैसे असतात. "मावशी, या रविवारी साधंच द्या," असं एकानं म्हटलं आणि महिन्याभरात निम्मी पोरं तेच म्हणायला लागली. पुढे दोन वेळच्या डब्याचा एक वेळचा झाला. त्याच्याही पुढे दोघांत एक डबा. एकानं मेंबर राहायचं, चार चपात्या जास्त मागायच्या आणि खोलीवर नेऊन दोघांनी खायचं. मला ते पहिल्याच दिवशी समजलं होतं. मी विचारलं नाही, चपात्या मात्र सहा घालत गेले. जूनमध्ये माझे ६४ डबे जात होते, दिवाळीला ३८ उरले. मदतीला दोन बायका होत्या, त्यातल्या एकीला मला थांबवावं लागलं. तिचा नवराही त्याच महिन्यात घरी बसलेला होता. तिला सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

त्या ऑगस्टमध्ये देशात प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त पडली. १९९७-९८पासून आकडे ठेवायला लागल्यापासून इतकी पडझड कधी झाली नव्हती. २०१८ साली आयएल अँड एफएस ही बडी वित्त कंपनी बुडाल्यावर गाड्यांना कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांकडचा पैसा आटला, हे त्याचं एक कारण. वर गाड्यांचं उत्पादन कमी झालं की त्यांना भाग पुरवणारा मोठा व्हेंडर ऑर्डर कापतो, तो त्याच्या खालच्याची कापतो, आणि सगळ्यात शेवटी दहा-बारा माणसांच्या शेडमध्ये लेथ थंड पडतात. त्या शेडचा मालकही काही श्रीमंत नसतो. त्यानं यंत्र कर्जावर घेतलेलं असतं आणि हप्ता कुणासाठी थांबत नाही.

२० सप्टेंबर २०१९ला केंद्र सरकारनं कंपन्यांचा कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल त्यासाठी सोडला, असं सांगितलं गेलं. उद्योग जगावेत हे मलाही हवं आहे, माझी चूल त्यांच्यावरच पेटते. पण ज्याला नफाच नाही त्याला करसवलत काय कामाची, आणि ज्याचा पगारच बंद झाला त्याच्यापर्यंत ती पोचणार कशी? माझ्या एकाही मेंबरचा ओटी त्यानं परत सुरू झाला नाही. त्यातून सावरायच्या आधीच २०२० उजाडलं. देशाचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा एप्रिल ते जूनमध्ये २३.९ टक्क्यांनी आणि पुढच्या तिमाहीत ७.५ टक्क्यांनी घटल्याचे आकडे आले, तेव्हा सरकारदरबारी मंदी हा शब्द नोंदला गेला. आमच्याकडे ती दीड वर्ष आधीपासून जेवायला बसत होती.

या पोरांना कायद्यानं काहीच मिळालं नाही का, असं मी एका युनियनवाल्या भाऊंना विचारलं होतं. त्यांनी समजावून सांगितलं. काम नाही म्हणून घरी बसवलं तर निम्मा पगार द्यायचा कायदा आहे, पण पन्नासपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला तो लागू नाही. बदली आणि कॅज्युअल कामगारांनाही नाही. ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, बेकारी भत्त्याची एक योजना २०१८ साली निघाली, पण ती ज्याचा विमा सलग भरलेला आहे त्याच्यासाठी. ठेकेदार सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक' देतो, म्हणजे मधेच कामावरून कमी करतो, तिथे सलग भरणार कोण? कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर आठ वर्षं काम केलेला एक ऑपरेटर त्या दिवाळीत मजूर अड्ड्यावर रंगकाम मागायला उभा राहत होता. भाव पाडायचा नाही म्हणून अड्ड्यावरचे जुने मजूर त्याला हटकायचे. त्यांचंही चुकत नव्हतं.

आता आपल्या खात्याकडे येते. मी मूळची कळंब तालुक्यातली. ७२च्या दुष्काळात मी चार वर्षांची होते. आई पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची, तिथे आम्हा पोरांना सुकडी मिळायची. आई शेवटपर्यंत म्हणायची, "त्या साली सरकारनं भीक दिली नाही, काम दिलं." विधान परिषदेचे सभापती राहिलेल्या वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची ही कल्पना महाराष्ट्रानं १९७७ साली कायद्यात आणली, आणि २००५चा देशाचा कायदा तिच्याच वाटेनं गेला.

त्या योजनेला पैसा कुठून आला, हे मला फार उशिरा कळलं. १९७५ साली महाराष्ट्रानं व्यवसाय कर बसवला तो रोजगार हमीसाठीच. आज ज्या पुरुषाचा पगार दहा हजारांच्या वर आहे त्याचे महिन्याला २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. माझ्या मेंबरांच्या पगाराच्या चिठ्ठीवर 'पीटी' म्हणून ते लिहिलेलं असतं आणि ते कशाचे हे एकालाही ठाऊक नसतं. शहरातल्या माणसानं गावातल्या माणसाच्या कामाची हमी भरायची, हा करार मला मनापासून पटतो. माझ्या आईला त्याच विचारानं जगवलं. पण तोच भरणारा शहरात बेकार झाला, तर त्याला मागायला जागा नाही. त्यानं काम हवं असेल तर गावी परतायचं, जिथे काम नाही म्हणून तो निघाला होता.

म्हणून माझी मागणी आहे की महानगरपालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत रोजगार हमी लागू करा. केरळनं २०१०मध्ये तिथले समाजसुधारक अय्यनकाली यांच्या नावानं शहरी रोजगार हमी सुरू केली. राजस्थाननं २०२२मध्ये शहरांसाठी १०० दिवसांची योजना आणली. ज्या राज्यानं देशाला ही वाट दाखवली ते शहरांच्या बाबतीत मागे का?

फिटरला खड्डे खणायला लावू नका. पालिका शाळांमधली मोडकी बाकं, दवाखान्यांतल्या खाटा आणि स्ट्रेचर, बागांची रेलिंगं, बंद पडलेले पंप ही कामं वर्षानुवर्षं पडून आहेत आणि ती करणारे हात याच शहरात रिकामे बसतात. इंद्रायणी आळंदीपर्यंत फेसाळत जाते, तिच्या काठावरही काम आहे. बायकांसाठी घराजवळचं काम राखून ठेवा, कारण डीबरिंगच्या, म्हणजे धातूच्या भागांच्या कडा घासायच्या, टेबलावरून सगळ्यात आधी त्याच उठवल्या जातात. आणि स्थानिक रहिवासाचा दाखला मागू नका. कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त एका खाटेचं भाडं भरून, राहणाऱ्या पोराकडे भाडेपावतीसुद्धा नसते. तो इथे राबला एवढं हजेरीकार्डावरून किंवा पीएफच्या नोंदीवरून दिसलं की पुरे व्हावं.

माझ्याकडे २०१९ आणि २०२०च्या डब्यांच्या वह्या आहेत. कुणी कधी खाडा केला, कुणाचा डबा कधी निम्मा झाला, सगळं तारीखवार लिहिलेलं आहे. एकवीस जणांची उधारी राहिली होती. चौदा जणांनी नंतर गावाहून पैसे पाठवले, काहींनी दोन वर्षांनी. उरलेल्या सातांना मी फोन केलेला नाही. आपल्या खात्यातलं कुणी या वह्या पाहायला येणार असेल तर दुपारी बारा ते चार मी मोकळी असते.

आपली,
भोसरीतील एक खानावळवाली