डावी बाजू कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले दोन आठवडे डाव्या-उजव्यांचा वाद चालू आहे. वारशाने मिळालेल्या संपत्तीवर कर असावा की नसावा, हा मूळ मुद्दा. पण तिसऱ्या पत्रात एकाने दुसऱ्याला 'डावा' म्हणून निकालात काढले, चौथ्यात त्याला 'उजवा' म्हणून उत्तर मिळाले आणि त्यानंतर कराचे नावही कोणी काढले नाही. मी 31 वर्षे शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. हे दोन शब्द शिवीसारखे वापरलेले वाचून फार वाईट वाटते, म्हणून लिहिते आहे.

आपल्या भाषेमुळेही यात भर पडते. मराठीत उजवा म्हणजे सरस. एक जण दुसऱ्यापेक्षा उजवा ठरतो, भरवशाचा माणूस उजवा हात होतो. कमी पडला तो डावा, बाजूला सारायचे ते डावलायचे आणि पक्षपात केला की डावे-उजवे केले म्हणायचे. त्यामुळे राजकारणातला 'डावा' कानावर पडताच काहीतरी उणे असल्यासारखे वाटते. हा शब्द मात्र गुणांवरून नव्हे, बसायच्या जागेवरून आला आहे.

1789 च्या उन्हाळ्यात व्हर्सायला फ्रान्सची राष्ट्रीय सभा भरली होती. सभेने केलेला कायदा राजाला कायमचा अडवता यावा का, यावर खडाजंगी चालली होती. यावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला जमू लागले, राजाची सत्ता आवळू पाहणारे डाव्या हाताला. गोव्हील नावाच्या एका उमराव सदस्याने लिहून ठेवले आहे की, धर्म आणि राजा यांच्याशी निष्ठा असलेले लोक पलीकडचा आरडाओरडा आणि शिवीगाळ टाळायला उजवीकडे बसू लागले. जगभर पसरलेल्या या विभागणीची सुरुवात अशी झाली.

फळ्यावर अर्धवर्तुळ काढून मी हे शिकवत असे. एका वर्षी मधल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "बाई, डावी बाजू कोणाची? तुमची की आमची?" मी तिला पुढे बोलावले, माझ्या खुर्चीत बसवले आणि वर्गाकडे तोंड करून दोन्ही हात पसरायला सांगितले. डावा हात खिडकीकडे गेला. तिच्या बाकावरून तीच खिडकी उजवीकडे होती. थोडा वेळ ती नुसती खिडकीकडे बघत राहिली. त्यानंतर दरवर्षी मी हा धडा त्या खुर्चीपासूनच सुरू केला.

पुढे जागा आणि विचार यांची फारकत झाली. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात सरकार पक्ष सभापतींच्या उजव्या हाताला बसतो. 1945 मध्ये अ‍ॅटली यांचा मजूर पक्ष सत्तेवर आला. कोळशाच्या खाणी सरकारी मालकीच्या करणारे, 1948 मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू करणारे हे डाव्या विचारांचे सरकार उजवीकडच्या बाकांवर बसले, आणि चर्चिल यांचा हुजूर पक्ष डावीकडे.

मग अर्थ काय उरतो? मला समजला तो असा. विषमता बहुतांशी माणसाने घडवलेली आहे, तेव्हा ती कायद्याने, करांनी, सार्वजनिक सेवांनी कमी करता येते आणि केली पाहिजे, असे मानणारा डावा. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या संस्था, म्हणजे कुटुंब, धर्म, खासगी मालमत्ता, परंपरा, यांत अनुभवाचे शहाणपण साठलेले असते, म्हणून त्यांना हात लावताना दहादा विचार करावा, असे मानणारा उजवा. दोन्ही बाजूंना सच्ची माणसे असतात, हे मला मनापासून वाटते.

पण या व्याख्येतही सगळे मावत नाही. खुल्या व्यापाराचा कट्टर पुरस्कर्ता फ्रेदेरिक बास्तिया 1848 च्या फ्रेंच सभेत डावीकडे बसत असे. त्याचा विरोध सरकारने दिलेल्या मक्तेदाऱ्यांना आणि सवलतींना होता, आणि त्या काळी त्या बड्यांच्या हातात होत्या. आज त्याचे विचार बहुतेक ठिकाणी उजवे म्हणून ओळखले जातात. जर्मनीचा चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, बिस्मार्क राजसत्तेचा कडवा पाठीराखा. 1878 मध्ये त्याने समाजवाद्यांच्या संघटनांवर बंदी आणली. त्यानेच 1883 मध्ये कामगारांना आजारपणाचा विमा, पुढच्या वर्षी अपघाताचा विमा आणि 1889 मध्ये वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन दिले. कामगारांनी समाजवाद्यांकडे जाऊ नये हा त्याचा हेतू होता. पण पैसे त्या म्हाताऱ्या कामगाराच्या हातात पडलेच. सोव्हिएत संघात गोर्बाचेव्ह यांच्या काळात तर सुधारणांना अडवणाऱ्या जुन्या कम्युनिस्टांनाच 'उजवे' म्हणत.

म्हणून संपादकांना माझी विनंती आहे. बातमीत किंवा पत्रात कोणाला डावे वा उजवे म्हटले की, कोणत्या प्रश्नावर, हे त्याच वाक्यात यावे. करांवर? धर्म आणि सरकार यांच्या नात्यावर? कामगारांच्या हक्कांवर? एकच माणूस एका प्रश्नावर इकडे आणि दुसऱ्यावर तिकडे असू शकतो. मी स्वतः तशी आहे. शिक्षण आणि औषधोपचार सरकारने पुरवावेत असे मला वाटते, आणि जुनी संस्था एका फटक्यात मोडायला निघालेल्यांची मला भीतीही वाटते.

आणि त्या दोन पत्रलेखकांनी वारसाकराकडे परत यावे. मोठ्या संपत्तीवर तो असावा, राहते घर मात्र त्यातून वगळावे, असे माझे मत आहे. घर वगळले की श्रीमंत लोक सगळा पैसा घरातच गुंतवतील, असा आक्षेप यावर घेता येईल, आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. दोघांपैकी कोणाकडे असेल तर मला ते वाचायचे आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका