आबांच्या डब्यातली काडतुसं

महाल, नागपूर

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "खंडेनवमीला आबांची दुनळी पूजेत ठेवतोच आहोत, तर यंदा काटोलच्या वावरात नेऊन त्यांच्याच डब्यातलं एक काडतूस वाजवून पाहू. उडालं तर उडालं, नाही तर नाही." मी विषय बदलला, कारण आई शेजारी मेथी निवडत बसली होती आणि आता लिहितोय ते तिलाही ठाऊक नाही.

1983 च्या पौषातली गोष्ट. मी कॉलेजात. हरभऱ्यात रानडुकरं शिरत होती आणि आबा नागपूरला आले होते. मी त्यांना न विचारता बंदूक काढली, डब्यातली तीन काडतुसं घेतली आणि सालदाराला कंदील धरायला लावून बांधावर गेलो. आबांनी शिकार 1972 चा वन्यजीव कायदा आला तेव्हाच सोडलेली. म्हणजे ती काडतुसं तेव्हाच निदान अकरा वर्षांची. कागदी नळकांडी, पितळेचं बूड, तोंडावर पुठ्ठ्याची चकती आणि तिच्यावर छापलेला छर्ऱ्यांच्या मापाचा 4 चा आकडा.

डावी नळी उडवली. फुस्स. खांद्याला धक्का नाही, नुसता धूर. सालदार हसला, मीही हसलो. मग उजवीचा चाप ओढला. टक्. काहीच नाही. "हेही मेलं," म्हणत मी नळी खाली केली, आणि तेवढ्यात बार झाला. सालदाराच्या पायापासून वीतभर अंतरावर मातीत खड्डा पडला. कंदील त्याच्या हातातून सुटला. आम्ही दोघं अंधारात किती वेळ उभे होतो कोण जाणे. त्याने मरेपर्यंत हे कुणाला सांगितलं नाही.

आठवडाभराने आबा बंदूक साफ करायला बसले. डाव्या नळीत गज अर्ध्यावर अडला. त्यांनी तो हळूहळू ठोकला, तशी नमद्याची काळवंडलेली डाट, म्हणजे दारू आणि छर्ऱ्यांमधलं बूच, बाहेर पडली. ती जमिनीवर ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, "काऊन रे, खिशात आणखी एक होतं का?"

"होतं."

ते उठून गेले. दोन दिवस बोलले नाहीत.

मला त्याचा अर्थ फार उशिरा कळला. फुसका बार म्हटलं की आपण हसतो. पण बंदुकीत तोच सगळ्यात घातक. दारू सादळली की तिच्यात छर्रे आणि डाट नळीबाहेर ढकलायची ताकद राहत नाही, डाट मधेच अडकते, आणि पुढचं काडतूस चांगलं निघालं तर त्याचा सगळा दाब त्या बुचामागे कोंडतो. नळी फुटते, आणि नेमकी तिथे डावा हात धरलेला असतो. तिसरं काडतूस मी डाव्या नळीत घातलं असतं, तर हे पत्र लिहायला तो हात उरला नसता. (मी डावखुरा आहे, हे तुला सांगायला नको.)

आता त्या डब्याचं. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, माळ्यावर. म्हणजे दर पावसाळ्यात ओल आणि दर मे महिन्यात, कवेलूंखाली, नौतपाची भट्टी. कागदी काडतूस ओल पितं आणि फुगतं. मग ते नळीच्या बुडातल्या घरात, काडतूस बसायच्या जागेत, बसत नाही, किंवा बसलं तर निघत नाही. बिनधुराची दारू तर उष्णतेने हळूहळू कुजते, आम्ल सोडते, आतून पितळ खाते. बाहेरून पाहशील तर लाल रंग अजून तसाच. मी मागच्या महिन्यात डबा उघडला, तर बुडांवर हिरवा गंज, दोनांच्या तोंडाशी पांढरी भुकटी. ती शिशाची. हात साबणाने तीनदा धुतले. त्या डब्यात ईली-कायनॉकची इंग्रजी काडतुसं, काही 'के एफ' छापाची आपल्या खडकीच्या कारखान्याची, आणि दोन वीस बोरची निघाली. ती कुणाची, कशी आली, देव जाणे. आपली बंदूक बारा बोरची, आणि बोरचा आकडा मोठा तशी नळी बारीक. वीस बोरचं काडतूस बारा बोरच्या घरातून सरकून पुढे नळीत अडकतं, दिसत नाही, आणि मागून बारा बोरचं सहज बसतं. आजकाल वीस बोरची काडतुसं सहसा पिवळी करतात ती याचसाठी. जुन्या डब्यात रंगाचा भरवसा नाही.

तू म्हणशील, मग नवी आणू. बंदूक तर ठणठणीत आहे. आहे, पण तीही तिच्या काळाची आहे. पुढचा लाकडी भाग काढून नळ्या उलट्या करून बघ, बुडाशी बर्मिंगहॅमचे ठसे आहेत: नायट्रो प्रूफ, 1⅛ औंस, आणि अडीच इंच. म्हणजे बिनधुराच्या दारूवर तपासलेली, सुमारे 32 ग्रॅम छर्ऱ्यांपर्यंत, 65 मिलिमीटरच्या काडतुसासाठी. दुकानात आज बहुतेक 70 मिलिमीटरची मिळतात. गंमत अशी, की न उडालेलं 70 चं आपल्या बंदुकीत आरामात बसतं, कारण तोंड दुमडलेलं असतं आणि लांबी मोजतात ती उलगडल्यावरची. उडताना ते तोंड नळीच्या अरुंद भागात उलगडतं, वाट आवळते, दाब चढतो. बसतं म्हणून चालतं असं नाही. पोलादी छर्ऱ्यांचं तर नावच नको, या नळ्या शिशासाठी केलेल्या.

उमरेडच्या मामांच्या भिंतीवर आहे ती वेगळी गोष्ट. तिच्या नळ्यांवर सागाच्या फळीसारख्या लाटा दिसतात ना, ती दमास्कस. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून केलेली नळी, बहुतेक काळ्या दारूच्या जमान्यातली. असल्या काही नळ्या नंतर बिनधुराच्या दारूवरही तपासून घेतलेल्या असतात. मामांच्या नळ्यांवर तसा ठसा नाही, आणि सांध्यात आत कुठे गंज लपलाय ते बाहेरून कुणालाच दिसत नाही. ती भिंतीवरच शोभते.

हातात बंदूक येईल तेव्हा इतकं पाठ असू दे. चाप ओढून आवाज झाला नाही, तर नळी होती तिकडेच, मोकळ्या दिशेला, मिनिटभर धरून ठेवायची. घड्याळात बघ, मनातलं मिनिट वीस सेकंदांचं असतं. मगच तोंड बाजूला करून उघडायची. आणि आवाज नेहमीपेक्षा हलका आला, तर दोन्ही नळ्या रिकाम्या करून बुडाकडून आरपार उजेड बघितल्याशिवाय पुढचं काडतूस हातात घ्यायचं नाही. त्याच उजेडात नळीत आत अंगठीसारखी सावली दिसली तर तिथे फुगवटा आहे, थेट कारागिराकडे.

शिवाय कुणाचा जीव धोक्यात येईल असा आनंदाचा बार काढणं हा 2019 पासून स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लायसन्स माझ्या नावावर आहे, तुझ्या नाही. आबा गेल्यावर कागद होईपर्यंत ही बंदूक ठाण्यात जमा होती, नंतर दर निवडणुकीला जातेच. तिथल्या खोलीत तिच्या दस्त्याला ओरखडा पडलाय, तो माझ्या मनावरही आहे, असो.

तर काडतुसं मी दिली. फुटाळा तलावात टाकावीत असं शेजाऱ्यांनी सुचवलं, वावरात पुरा असं मामा म्हणाले. दोन्ही मूर्खपणा. फोडून दारू काढणं, होळीत टाकणं त्याहून मोठा. आधी ठाण्यात फोन केला, त्यांनी सांगितलेल्या वेळी, सकाळी ऊन चढायच्या आत, लायसन्सची पुस्तिका घेऊन गेलो. हवालदाराने एकेक मोजून लिहिलं, तेवीस. त्यातलं एक कानाशी धरून हलवून बघितलं, तेव्हा मी दारापर्यंत मागे सरकलो होतो. पावती पुस्तिकेत ठेवली आहे.

तू ये. बंदूक उघडून, रिकामी, आपट्याच्या पानांशेजारी ठेवू. पोकळ नकली काडतुसं दोन आणून ठेवली आहेत, घोडे त्यावर हवे तितके वाजव.

आईला तो डबा चकलीसाठी हवा होता. शिशाची भुकटी होती म्हणून नाही दिला, तर अजून रुसली आहे. त्यात मी खिळे भरलेत.

तुझा,
बाबा