वीज गेल्यावर फिश टँकला आधी हवा लागते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वीज जाण्याचा विषय निघाला की फ्रिज, लिफ्ट, मोबाइल यांची चर्चा होते. घरातल्या फिश टँकचा उल्लेख क्वचितच येतो, आणि आला तर सल्ला बहुधा एकच असतो: मोठा इन्व्हर्टर घ्या आणि टँकचा सगळा बोर्ड त्यावर टाका. हा सल्ला चुकीचा आहे. हीटर आणि दिवे मिळून बॅटरी काही तासांत रिकामी करतात आणि मग माशांचा जीव ज्यावर टिकतो ती हवाही बंद पडते. लांबलेल्या वीजबंदीत मासे मरतात ते बहुतेक वेळा गुदमरून. पाणी गार झाले किंवा दिवा बंद राहिला म्हणून सहसा मरत नाहीत. टँक ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवे, म्हणून हे पत्र.

पाण्यात प्राणवायू मुळातच थोडा असतो. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ८.२ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो, ३० अंशांना साधारण ७.५. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांनाही तो पावणेसातच्या जवळपासच असतो, त्यामुळे खाऱ्या पाण्याचे टँक सगळ्यात आधी अडचणीत येतात. पाणी हलते तोवर वरच्या थरातून प्राणवायू आत येत राहतो. पंप थांबला की पृष्ठभाग स्थिर होतो, आणि मासे, फिल्टरमधले जिवाणू, तळाचा गाळ हे सगळे मिळून असलेला साठा संपवू लागतात. अंधारात वनस्पतीही त्यात वाटा घेतात. म्हणून दाट झाडी असलेल्या टँकला रात्रीची वीजबंदी दिवसापेक्षा जड जाते. मोजके छोटे मासे असतील तर अर्धा दिवसही निभावतो. मोठ्या माशांच्या दाटीवाटीच्या टँकमध्ये मासे तासाभरात वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात, आणि त्यात मोठे मासे आधी दिसतात. गुरामी, बेटा या जातींचे मासे वरची हवा घेऊ शकतात. त्यांच्याकडे पाहून टँक ठीक आहे असे समजू नये.

आता विजेचा हिशेब. छोटा एअर पंप २ ते ५ वॅट घेतो, पॉवरहेड (टँकमध्ये बुडवून पाणी फिरवणारा पंप) ५ ते १५, कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) १० ते २५, हीटर ५० ते २००. शंभर लिटर पाणी १ अंशाने तापवायला ११६ वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी, म्हणजे साध्या यूपीएसमध्ये असते ती, पूर्ण भरलेली असली तरी ८४ वॅट-तासांची. म्हणजे सगळी बॅटरी हीटरवर उधळली तरी पाणी एक अंशही तापणार नाही. तीच बॅटरी दीर्घकाळ टिकावी म्हणून निम्मीच वापरली, तरी ३ वॅटचा डीसी एअर पंप १४ तास चालतो.

सगळ्यात सोपा उपाय पॉवर बँक आणि यूएसबीवर चालणारा एअर पंप. १०,००० मिलिअँपिअर-तास हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ३७ वॅट-तास. ५ व्होल्टपर्यंत चढवताना होणारी गळती वजा जाता हातात ३० पडतात. दीड वॅटचा पंप त्यावर २० तास चालायला हवा. पण इथे एक खोच आहे. बऱ्याच पॉवर बँका फार कमी प्रवाह ओढला जात असेल तर मोबाइल चार्ज झाला असे समजून स्वतःहून बंद होतात. रात्री पंप लावून झोपलात आणि अर्ध्या तासात तो थांबला, तर सकाळी उशीर झालेला असतो. घेतलेली जोडी आधी दिवसा दोन तास सलग चालवून पाहा. बंद पडत असेल तर कमी प्रवाहाची सोय असलेली पॉवर बँक घ्या, किंवा एकाच पॉवर बँकेवर दोन पंप लावा. यूएसबी पंप ताकदीने बेताचे असतात. खोल टँकमध्ये एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) तळाशी टाकला तर बुडबुडे येतच नाहीत. तो २० ते २५ सेंटिमीटर खोलीवर टांगा. बुडबुड्यांचे खरे काम वरचे पाणी ढवळणे हे आहे, त्यामुळे त्याने फारसे बिघडत नाही.

कॉम्प्युटरचा यूपीएस मात्र या कामाला कमी पडतो. स्वतः चालू राहायलाच तो १० ते १५ वॅट खातो, त्यामुळे ३ वॅटच्या पंपासाठी बॅटरीचा बहुतेक भाग यूपीएसच्याच पोटात जातो. काही मॉडेल भार फार कमी आहे म्हणून आपणहून बंदही होतात. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर एअर पंप घरघरतो आणि तापतो. घरचा इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असेल तर त्यावर एअर पंप किंवा एखादा छोटा फिल्टर खुशाल टाका. हीटर, दिवे आणि वनस्पतींना कार्बन डायऑक्साइड सोडणारा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) त्या लाइनवर नको. सोलेनॉइड वीज गेली की आपोआप बंद होतो, आणि तेच हवे असते. नुसत्या हाताच्या व्हॉल्व्हवर गॅस सोडणाऱ्यांनी वीज गेल्याबरोबर तो व्हॉल्व्ह फिरवून बंद करावा.

घरी कुणी नसताना वीज गेली तर पंप आपोआप सुरू व्हायला हवा. त्यासाठी लागणारे सामान थोडे आहे: १२ व्होल्टचा डीसी एअर पंप, ७ अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी, तिला कायम जोडून ठेवायचा, १३.६ ते १३.८ व्होल्टवर थांबणारा फ्लोट चार्जर, १२ व्होल्टचा अडॅप्टर, १२ व्होल्टचा पाच पायांचा रिले (कॉइलने चालणारा आपोआप स्विच) आणि होल्डरसह २ अँपिअरचा फ्यूज. अडॅप्टरच्या दोन तारा रिलेच्या कॉइलला जोडायच्या. बॅटरीच्या धन टोकापासून फ्यूज, फ्यूजपासून रिलेचा कॉमन पाय, आणि एनसी पायापासून (कॉइल सुटलेली असताना कॉमनला जोडलेला पाय) पंपाची धन तार. पंपाची ऋण तार थेट बॅटरीच्या ऋण टोकाला. वीज असेपर्यंत कॉइल ओढलेली राहते आणि पंप बंद असतो. वीज गेली की कॉइल सुटते, पंप सुरू होतो. फ्यूज बॅटरीच्या टोकाला अगदी चिकटून हवा, नाहीतर वाटेत तारा एकमेकींना टेकल्या तर त्याचा उपयोग नाही. अडॅप्टर टँकच्याच बोर्डवर लावा. घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर लावलात तर रिले कधी सुटणारच नाही. टँकच्या बोर्डवर असला तर हीटरमध्ये शॉर्टसर्किट होऊन फक्त तेवढा एमसीबी पडला तरी पंप सुरू होतो, आणि असे पुष्कळदा होते. रिले हाताला कोमट लागतो, त्याची काळजी नको. बॅटरी टँकखालच्या बंद कपाटात ठेवू नका: चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघू शकतो आणि ओलाव्याने टोके गंजतात. टँककडे जाणारी प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेले पाणी त्या झोलातून गळून जाईल.

बॅटरीवरचा पंप एरवी बंदच असतो, त्यामुळे त्याच्या नळीत पाणी शिरते, आणि पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर सायफन होऊन, म्हणजे नळीतून आपोआप खाली ओढले जाऊन, पंपात आणि तिथून जमिनीवर येते. नळीवर चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, अत्यावश्यक आहे. त्यावरच्या बाणाची दिशा टँककडे हवी. तोंडाने फुंकून खात्री करा, कारण उलटा बसवलेला व्हॉल्व्ह हवाच जाऊ देत नाही. नेहमीचा आणि बॅटरीचा असे दोन्ही पंप एकाच एअर स्टोनला टी-जोडाने लावायचे असतील तर दोघांनाही टी-जोडाच्या आधी वेगवेगळा व्हॉल्व्ह लागतो. त्यापेक्षा बॅटरीच्या पंपाला स्वतःचा स्पंज फिल्टर द्यावा. वापरात नसलेला एअर स्टोन शेवाळाने आणि बुळबुळीत थराने बुजतो, आणि ऐन वेळी हवा सोडत नाही. स्पंज सहसा असा बुजत नाही, शिवाय त्यात फिल्टरचे थोडे जिवाणू जगतात.

काहीच साधन नसेल तर टँकचे झाकण काढा (उडी मारणारे मासे असतील तर वर जाळी घाला) आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी तांब्याभर पाणी काढून फूटभर उंचीवरून परत ओता, दर वेळी वीसेक तांबे. कंटाळवाणे आहे, पण मासे वाचतात. खाणे पूर्ण बंद ठेवा. निरोगी मोठे मासे काही दिवस उपाशी राहू शकतात, उलट खाल्लेल्याचा अमोनिया बंद फिल्टरमध्ये कोण संपवणार? थंडीत टँकच्या बाजूंना थर्मोकोल किंवा जाड चादर गुंडाळा, वरचा भाग मोकळा ठेवा. ६० अंशांच्या पाण्याची एक लिटरची बंद बाटली शंभर लिटरच्या टँकला जेमतेम ०.३५ अंश देते, तेव्हा तिच्यावर फार विसंबू नका. उन्हाळ्यात मात्र एक लिटर गोठवलेली बाटली पाणी सुमारे १ अंशाने उतरवते. एकावेळी एकच टाका. जनरेटर घराबाहेरच, खिडक्यांपासून लांब ठेवावा. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला मारतो.

वीज परत आल्यावर होणारी चूक कॅनिस्टरबाबत असते. तो बंद डबा आहे. आतल्या पाण्यातला प्राणवायू जिवाणू लवकरच संपवतात, मग ते मरू लागतात आणि तिथे कुजणे सुरू होते. तासाभराच्या वीजबंदीनंतर काही करायला नको. तीन-चार तास उलटले असतील तर डबा आपोआप सुरू होऊ देऊ नका. वीज गेली तेव्हाच त्याचे बटण बंद केलेले असावे. उघडून आतले पाणी फेका आणि मीडिया (जिवाणू ज्यावर वाढतात ते आतले साहित्य) टँकमधून काढलेल्या पाण्यात हलकेच खंगाळा. नळाचे क्लोरीनचे पाणी उरलेले जिवाणूही मारेल. सडक्या अंड्यांचा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड असतो, त्याचा थेंबही टँकमध्ये जाता कामा नये. वीजबंदी लांबणार हे कळले तर मीडिया जाळीच्या पिशवीत घालून टँकमध्येच, बुडबुड्यांशेजारी टांगावा.

मागे टांगायच्या फिल्टरचे दुखणे वेगळे. पाणी उतरले असेल तर तो परत पाणी ओढत नाही, कोरडा फिरून मोटर जाळतो. त्याच्या खोक्यात हाताने पाणी भरून मग सुरू करा. सम्प (टँकखालची फिल्टरची दुसरी टाकी) असणाऱ्यांनी परतीच्या नळीचे सायफन तोडणारे भोक शेवाळाने किंवा गोगलगायीने बुजलेले नाही ना, हे दर आठवड्याला पाहावे, नाहीतर वीज जाताच वरचे पाणी सम्प ओलांडून खोलीत येते. हीटर सगळ्यात शेवटी, तो पूर्ण बुडालेला आहे याची खात्री करून लावा. पुढचे तीन दिवस अमोनिया आणि नायट्राइट तपासा. आढळले तर पाव टँक पाणी बदला. बॅटरीची चाचणी दर तीन महिन्यांनी टँकचा मेन स्विच बंद करून, पंप दोन तास चालतो का ते पाहून घ्यावी. चार्जरवरचा हिरवा दिवा बॅटरीत जीव किती उरला हे सांगत नाही.

आपल्या वृत्तपत्रात नियोजित वीजबंदीच्या वेळा छापून येतात. त्या चौकटीत एक ओळ वाढवावी ही विनंती: फिश टँक असणाऱ्यांनी आदल्या रात्रीपासून खाणे देऊ नये, बॅटरीचा पंप चार्ज करून टँकला जोडून ठेवावा, आणि वीजबंदी तीन तासांपेक्षा जास्त असेल तर कॅनिस्टरचे बटण बंद करावे.

आपला नम्र,
एक मत्स्यप्रेमी वाचक