लपवण्यासारखे आहे काय?

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" तेव्हा उत्तर सुचले नाही, म्हणून सावकाश लिहिते आहे.

व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेशातला तो माणूस तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडल्याचे सांगत होता, तुमच्या आधारचे बारा अंक त्याने बिनचूक वाचून दाखवले, आणि तुम्ही सव्वादोन तास देवघराशेजारच्या खुर्चीत मोबाइल समोर धरून, चहालाही न उठता बसून राहिलात. आईने "खरे पोलीस असाल तर दारात या" असे ठणकावून फोन बंद केला नसता, तर मुदत ठेव मोडायला तुम्ही बँकेत निघालाच होतात.

'डिजिटल अरेस्ट', म्हणजे असे व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवून केलेली अटक, अशी तरतूद आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितले होते, आणि तो कार्यक्रम तर तुम्ही सहसा चुकवत नाही. हे टोचून बोलण्यासाठी लिहीत नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत ज्याने एक मेमोसुद्धा घेतला नाही, त्यालाच 'तुमच्यावर गुन्हा दाखल आहे' या वाक्याची सर्वांत जास्त धास्ती वाटते. एखाद्या सराईताने पहिल्याच मिनिटाला फोन आपटला असता.

आता लपवण्याविषयी. कपाटाची किल्ली कुठे असते हे मला लग्नानंतर कळले, आणि पासबुकातला आकडा तर काकांनाही ठाऊक नाही. मात्र आधारची झेरॉक्स तुम्ही सिमकार्डवाल्यापासून यात्रेतल्या लॉजपर्यंत कोणालाही देता, आणि काळी आलेली प्रत तशीच झेरॉक्सवाल्याच्या टोपलीत टाकून येता. ते अंक त्या माणसाला नेमके कुठून मिळाले हे मी सांगू शकत नाही, पण त्यासाठी त्याला फार कष्ट पडले नसावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो काही चोरांच्या सोयीसाठी नव्हे. किल्ली जपणाऱ्या तुमच्यासारख्यांसाठीच तो आहे.

यापुढे लॉजवर फक्त शेवटचे चार अंक दिसणारे 'मास्क्ड' आधार द्यावे; त्याची प्रत मी डाउनलोड करून ठेवली आहे. पैसे गेले नाहीत म्हणून गप्पही बसू नये. तो नंबर आपण 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर, संशयित फोनची तक्रार घेणाऱ्या 'चक्षू'वर कळवू. आणि आई, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक तू कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी मोठ्या अक्षरात लिहून ठेव. कधी पैसे गेलेच, तर मला फोन करण्याआधी तिथे करायचा.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. आधारवरचे बोटांचे ठसे दुसऱ्या कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून असलेले बायोमेट्रिक लॉक तेव्हा बाबांच्याच मोबाइलवरून लावू, म्हणून ओटीपी आला तर तो मलाही वाचून दाखवू नये, स्वतःच टाकावा.

तुमची लेक