आमदारांकडे काय मागायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळी अधिवेशन आले की नागपुरात मोर्चांची रांग लागते. पोलीस वाटेत अडवतात, चार-पाच जणांचे शिष्टमंडळ मंत्र्यांकडे जाते, निवेदन देतानाचा फोटो निघतो आणि मंडळी रात्रीच्या गाडीने परततात. मोर्चाची ताकद मी नाकारत नाही. पण त्या दिवशी सभागृहात ज्या तारांकित (म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या) प्रश्नांची उत्तरे दिली जातात, ते आमदारांनी कित्येक आठवडे आधीच विधानमंडळ सचिवालयाकडे दिलेले असतात. हे मोर्चेकऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते?

एरवी आपण आमदारांकडे जातो ते बदली, शिफारसपत्र, समाजमंदिर नाहीतर रस्ता मागायला. प्रश्न, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना), औचित्याचा मुद्दा (महत्त्वाचा विषय सभागृहात थोडक्यात मांडणे), अर्धा तास चर्चा (मिळालेल्या उत्तरावरची पुढची चर्चा) ही त्यांची खरी आयुधे. या आयुधांना आमदार निधीतला एक रुपयाही लागत नाही, तरी ती वापरा असे सांगायला कोणी जात नाही.

समजा, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही. 'आरोग्यसेवा सुधारा' असे दोन पानी निवेदन स्वीय सहाय्यकांच्या फायलीत जाऊन बसते. त्याऐवजी मंजूर पदे किती, भरलेली किती, हे पद कधीपासून रिक्त आहे, गेल्या वर्षी किती बाळंतिणींना जिल्हा रुग्णालयात पाठवावे लागले, ही माहिती माहितीच्या अधिकारात काढावी आणि थेट प्रश्नाचा मसुदाच लिहून न्यावा. साचा ठरलेला आहे: अमुक गोष्ट खरी आहे काय, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, त्यानुसार कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय? यातला पहिलाच मुद्दा ढिसाळ निघाला तर मंत्री 'हे खरे नाही' म्हणून मोकळे होतात आणि खालच्या सगळ्या मुद्द्यांसमोर 'प्रश्न उद्भवत नाही' छापून येते. म्हणून तारीख, पदनाम, गाव चोख हवे. नुसत्या संतापाला उत्तर देणे सरकारला फार सोपे असते.

आपला आमदार सत्ताधारी पक्षाचा आहे, तो अडचणीचे विचारणार नाही, अशी सबब नेहमी ऐकू येते. पण विधानसभेचे २८८ सदस्य सोडले तरी विधान परिषदेचे ७८ आहेत. त्यांत शिक्षक मतदारसंघांचे ७ आणि पदवीधरांचे ७. प्रश्नाचा मसुदा त्यांच्याकडेही नेता येतो. निवडणुकीपुरती नावनोंदणी करून त्यांना विसरून जाणारे पदवीधर आपणच!

विधेयकांबाबतही तेच. सरकारने शहरी नक्षलवाद रोखण्यासाठी म्हणून आणलेले जनसुरक्षा विधेयक २०२४च्या डिसेंबरात दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, तेव्हा लोकांकडून १२ हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. मूळ मसुद्यात कारवाईचा रोख 'व्यक्ती व संघटना' यांच्यावर होता. समितीने ती शब्दयोजना बदलली आणि जुलै २०२५मध्ये विधेयक मंजूर झाले. हा बदल पुरेसा नाही, असे विरोध करणारे आजही म्हणतात आणि तो वाद वेगळा. पण समिती बसलेली असताना 'विधेयक मागे घ्या' एवढ्याच एका ओळीचे पत्र बाजूला ठेवणे सोपे असते. अमुक कलमातला अमुक शब्द का काढावा आणि त्याजागी काय घालावे, हे लिहिलेले पत्र निदान वाचावे तरी लागते.

मंत्र्यांनी सभागृहात 'करतो' म्हटले, पेढे वाटले, की आपले काम संपते. खरे तर तिथून विधानमंडळाच्या आश्वासन समितीचे काम सुरू होते. दिलेला शब्द पाळला की नाही, हे पाहणारी ही समिती. मंत्र्यांच्या उत्तराचे कात्रण, त्यावरची तारीख आणि प्रत्यक्षातली परिस्थिती एका पानावर मांडून पाठपुरावा केला, तर आमदारांनाही विषय पुन्हा काढायला आधार मिळतो.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. अधिवेशनातल्या सभात्यागाच्या बातम्यांसोबत, प्रश्न देण्याची मुदत कधी संपते हे आधी छापावे. आणि अधिवेशन उरकल्यावर जिल्ह्यातल्या कोणत्या आमदाराने काय विचारले, त्याला काय उत्तर मिळाले, याला अर्धे पान द्यावे.

– एक वाचक, वाई (जि. सातारा)