चौथा कप

प्रिय कंडक्टरसाहेब,

तू वर माडीवर, मी खाली सोप्यात. जिन्याच्या बारा पायऱ्यांवर राहणाऱ्या माणसाला पत्र कसलं लिहितोस, म्हणून ही हसालीय. पण तोंडावर आभार मानायला गेलो तर तू 'बिडरी अज्जा', राहू दे आजोबा, म्हणून पळणार. त्यात आमची नोकरी तारखात्यातली. लोकांची लग्नं आणि मरणं मोजून आठ-दहा शब्दांत बसवण्यात जन्म गेला. 2013 साली तारच बंद झाली, तेव्हा आता शब्द मोजायचं कारण नाही. मराठी वाचताना अडलास तर मास्तरांना विचार, पण हिंदी येतं म्हणजे बहुतेक नाही अडणार. आणि चार लोकांनी वाचावं असंच हे लिहितोय.

2011 ला मी रिटायर झालो त्याच महिन्यात आमचा मेंढीकोटचा डाव बसला, चौघांनी दोन जोड्यांत खेळायचा, दश्श्या पकडायचा पत्त्यांचा खेळ. मी, हायस्कुलात हिंदी शिकवलेले मास्तर, बेळगावच्या वडगावात माग चालवणारे आमचे विणकर अण्णा आणि इंडालच्या ॲल्युमिनियम कारखान्यातून सुटलेला बापू. बापू माझा भिडू. दुपारी चारला पानं पिसायची, सहाला दिवाबत्तीला उठायचं. तेरा वर्षांत खाडा फक्त गणपतीचे दिवस, लग्नकार्य आणि लॉकडाऊन. सुनांच्या तक्रारी, गुडघे, पेन्शनचा फरक, अमेरिकेतल्या नातवाला मराठी येत नाही हे दुःख, सगळं त्या चार खुर्च्यांमध्ये उतारीला यायचं आणि हात उचलला की संपायचं. घरी बोलता येत नाही ते पत्ते हातात धरून बोलता येतं. डोळे पानांवर असतात ना.

2024 च्या श्रावणात बापू गेला. कसा गेला ते आता सांगत बसत नाही, तुला माहीत आहे.

त्यानंतर कोण कोण काय काय बोललं, ते मात्र सांगतो. आमच्या ज्येष्ठांच्या मंडळानं शोकसभा घेतली. अध्यक्ष वीस मिनिटं बोलले, 'कधीही भरून न येणारी पोकळी' दोनदा आली, आणि पुढच्या महिन्यात बापूच्या नावानं वर्गणी थकल्याची चिठ्ठी आली. तेराव्याला जेवून जाताना प्रत्येकजण म्हणाला, 'काही लागलं तर हाक मारा.' मी मारली की! दोन गल्ल्या पलीकडं राहणाऱ्या पुतण्याला म्हटलं, चौथा कमी पडालाय, रविवारी तरी ये. तो आला एकदा. निम्मा वेळ मोबाइलमध्ये, आणि उरलेल्या वेळात म्हणतो, 'काका, नुसतं काय खेळताय, दहा रुपये लावूया.' पुण्याच्या मुलानं फोनवर पत्त्यांचं ॲप घालून दिलं. पोरगं मायेनंच करतंय, त्याच्यावर राग नाही. पण दश्शी पकडल्यावर पान टेबलावर आपटायचं असतं रे. काचेवर बोट घासून काय मेंढी येते?

तिघांत मेंढीकोट होत नाही. तरी आम्ही तिघं चारला येऊन बसायचो. पानं पिसायचो, ठेवून द्यायचो.

आता त्या दिवसाचं. बापूचं तेरावं होऊन दोन-तीन आठवडे झाले असतील, पाऊस लागला होता. ही आतून ट्रे घेऊन आली आणि ठेवला. तीन कप साधे, एक निळ्या काठाचा. बापूला शुगर, म्हणून त्याचा चहा बिनसाखरेचा, आणि अदलाबदल नको म्हणून कप वेगळा. तेरा वर्षांचा हात, तिच्याकडून चौथा कप भरला गेला. तिच्या ध्यानात आलं ते ट्रे ठेवल्यावर. ती तशीच उभी. मास्तर खिडकीकडं बघालेत, अण्णा चष्मा पुसालेत. तो कप कुणी उचलेना आणि आत न्यायलाही कुणाचा हात होईना. वाफ निघून निघून संपली, वर साय धरली.

तेवढ्यात तू खाकी कपड्यांत, भिजलेली तिकिटांची बॅग खांद्याला, ड्युटीवरून आलास. दारात चपला काढल्यास, आमच्या तोंडांकडं बघितलंस, मग ट्रेकडं. विचारलंस, 'अज्जी, इदु नंदा? माझा काय हा?' तिनं मान हलवली. तू कप उचललास आणि बापूच्या खुर्चीवर न बसता खाली पायरीवर बसून ते गार झालेलं कडू पाणी सगळं प्यालास. कप स्वतः विसळून पालथा ठेवलास. मग म्हणालास, 'ह्या खेळात हुकूम कसा बोलतात?'

एवढंच. भाषण नाही, पोकळी नाही.

तुला खेळ येत होता हे मला महिन्यानं कळलं. तुमच्याकडंही लहानपणी जत्रेत खेळलायस म्हणे. आणि साखरेचं तर गेल्या आठवड्यात कळलं. तुझी आई गावाकडून आली होती, ती हिला म्हणाली, 'आमच्या पोराला तीन चमचे लागतात, त्याच्याखाली चहा घशाखाली उतरत नाही.' दीड वर्ष झालं बाबा तुला निळ्या कपातून बिनसाखरेचा पिताना! एकदाही बोलला नाहीस. ही त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी मोलकरणीनं आधीच घासली होती.

बापू असता तर काय म्हणाला असता, याची मला गंमत वाटते. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात त्यानं लाठी खाल्लेली. पाठ दाखवायचा. एक नोव्हेंबरला, कर्नाटकच्या राज्योत्सवादिवशी, काळा शर्ट घालून आमच्या मराठी लोकांच्या काळ्या दिनाच्या फेरीला जायचा, गुडघे गेले तरी रिक्षानं जायचा. त्याच्या जागेवर बैलहोंगलचा कन्नड कंडक्टर, तोही 'दश्शी' म्हणायच्या ऐवजी 'हत्तु' म्हणणारा! पण बापूला चांगला भिडू ओळखता यायचा. भाषेचं भांडण तो चौकात करायचा, डावात कधी आणलं नाही.

आठवतं ना, तो जाऊन तीन महिने व्हायचे होते तेव्हाची एक नोव्हेंबर? लक्ष्मीपूजनही त्याच दिवशी. तू डेपोतल्या राज्योत्सवाची लाल-पिवळी फीत खिशाला तशीच ठेवून आलास, मास्तर दंडाला काळी फीत बांधून. कुणीच काढली नाही. हिनं दोघांपुढं एकाच ताटलीत चकल्या ठेवल्या. मास्तरांचं सगळं लक्ष तुझ्या खिशाकडं, आणि त्या नादात त्यांनी बदामाची दश्शी सरळ माझ्या एक्क्यावर आणून टाकली. त्या दिवशी आपण चारही दश्श्या पकडून कोट दिला. मास्तर अजून म्हणतात तो राजकीय कोट होता.

आणि 2025 चा फेब्रुवारी. बसमध्ये मराठी-कन्नडवरून कंडक्टरला मारहाण झाली, दोन्ही राज्यांच्या गाड्या सीमेवर थांबल्या, टीव्हीवर दिवसभर तेच. आम्हाला वाटलं आज काय तू खाली उतरत नाहीस. चारला जिन्यावर पाय वाजले. मास्तरांनी चाचरत विचारलं, 'वाटेत कुणी काही बोललं काय रे तुला?' तू पानं लावता लावता म्हणालास, 'मास्तर, उतारी तुमची.'

हिचं तर तुझ्यावर वेगळंच प्रेम. 2023 च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना बस फुकट झाली, आणि गर्दीनं कंडक्टरांची तोंडं आंबलेली. म्हाताऱ्या बायांना आधार कार्ड लवकर सापडत नाही म्हणून खेकसणारे आम्ही पाहिलेत. तुझ्या गाडीतनं ही एकदा गेली, येऊन सांगते, 'प्रत्येकीला आधी बसायला सांगतोय, मग कार्ड मागतोय.' मोठं काही करणारी माणसं पेपरात येतात. बसा आधी म्हणणारी येत नाहीत, आणि आमच्या वयाला दिवसातून चारदा तीच लागतात. पाणी आणून देणारं, ऐकू आलं नाही तर न चिडता परत सांगणारं, तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगताना 'हे झालंय सांगून' न म्हणणारं कुणीतरी. बापूची इंडालच्या भट्टीची गोष्ट तू माझ्याकडून किती वेळा ऐकलीस देव जाणे. दरवेळी 'मुंद?' विचारतोस. पुढं काय म्हणून.

परवा तू बदलीचा कागद दाखवलास. सौंदत्ती. चांगलं आहे, गाव जवळ पडेल, आईला बरं. मी 'छान, छान' म्हणालो आणि त्या डावात हुकूम हातात असून कापायचा विसरलो. तू बघितलंस, बोलला नाहीस. तेही लक्षात आहे माझ्या.

चौथ्याचं आम्ही बघतो. अण्णांचा जावई रिटायर व्हायलाय, खेळतो कसा माहीत नाही, पण साखरवाला आहे. निळा कप मात्र त्याला द्यायचा नाही, असं हिनं आधीच सांगितलंय. तो धुऊन कागदात गुंडाळून तुझ्या सामानात घातलाय. उघडताना जपून.

यल्लम्माच्या दर्शनाला म्हणून आम्ही दोघं पौर्णिमेला येणार. हिला तिकीट नाही, मी माझं काढीन. पत्ते मी घेऊन येतो. आणि हिनं खास लिहायला सांगितलंय: त्या दिवशी आमच्यादेखत चहात तीन चमचे साखर घालून प्यायची.

तुझा भिडू,
खालचा अज्जा